जांघेतले फोड, आत वळलेले केस आणि तुमची पत्रं

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं एकाच जागेबद्दल आहेत आणि जवळपास प्रत्येकीने शेवटी लिहिलंय की ताई, नाव छापू नका. नाही छापत. पण प्रश्न छापतेय, कारण ज्या मुली पत्र लिहीत नाहीत, बाथरूममध्ये आरसा धरून नुसत्या बघतात आणि घाबरतात, त्यांच्यापर्यंतही हे पोचायला हवं असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : ताई, मी २३ वर्षांची आहे, ठाण्याला राहते, रोज लोकलने ऑफिसला जाते. खालचे केस मी गेली तीन-चार वर्षं रेझरनेच काढते, साधारण दर आठवड्याला. काढले की दोन-तीन दिवसांनी प्रचंड खाज सुटते आणि मग जांघेच्या कडेला लाल लाल फोड येतात, काहींमध्ये तर केस आत गोल वळलेला दिसतो. मागच्या महिन्यात एक केस सेफ्टी पिनने काढायला गेले तर रक्त आलं आणि दोन दिवसांत मोठं गळू झालं, बसताही येत नव्हतं. ते फुटलं पण आता तिथे काळा डाग राहिलाय. आईला सांगितलं तर म्हणाली केसतोड असेल, हळद लाव. मैत्रीण म्हणाली लिंबू आणि खायच्या सोड्याने स्क्रब कर, तो केला तर आग आग झाली. मी रोज दोन वेळा आंघोळ करते, स्वच्छ राहते, तरी असं का होतं? हा गुप्तरोग तर नाही ना? माझे कुणाशीही संबंध आलेले नाहीत. डॉक्टरकडे जायची खूप लाज वाटते, घरच्या घरी काय करता येईल?

उत्तर : अगं, घाबरू नकोस. केस काढल्यावर दोन-तीन दिवसांनी खाज, मग लाल पुळ्या आणि पुळीच्या आत गोल वळलेला केस, हे वर्णन आत वळलेल्या केसाचंच आहे, ज्याला आता सगळ्याजणी इनग्रोन हेअर म्हणतात. हा गुप्तरोग नाही. आणि तुझ्या स्वच्छतेतही काही कमी नाही, हा घाणीचा आजारच नाही, केस फार जवळून कापण्याचा आहे.

होतं काय की तिथला केस जाड आणि वळणाचा असतो, रेझरने तो तिरका कापला जातो आणि त्याचं टोक बाभळीच्या काट्यासारखं होतं. मग वाढताना तो थोडा बाहेर येतो, वळणामुळे पुन्हा खाली वाकतो आणि शेजारच्या कातडीत घुसतो. दुसरा प्रकार जास्त त्रासाचा. एका हाताने कातडी ताणून धरायची आणि दुसऱ्या हाताने उलट्या दिशेने रेझर फिरवायचा, असं आपण बहुतेकजणी करतो कारण त्याने एकदम गुळगुळीत होतं, पण त्यात केस कातडीच्या पातळीच्या खाली कापला जातो, हात सोडला की तो आत सरकतो आणि बाहेर येण्याआधीच आतल्या आत भिंत टोचून आडवा शिरतो. तीन आणि पाच पात्यांच्या रेझरची तर रचनाच अशी असते की पहिलं पातं केस किंचित वर ओढतं आणि मागचं कापतं, म्हणजे पुन्हा तेच. आता पायात काटा मोडला की कसं आजूबाजूला लाल होतं, ठणकतं, पू धरतो, शरीर काटा बाहेर ढकलायला बघतं, तसंच इथे होतं, फक्त काटा आपलाच असतो. कुरळी दाढी असलेल्या पुरुषांना गळ्यावर अशाच पुळ्या येतात, त्यांच्या दाढीवर कुणी अस्वच्छतेचा ठपका ठेवत नाही, आपल्याला मात्र लगेच वाटतं की माझंच काहीतरी चुकलं.

आईचा केसतोड हा शब्द किती नेमका आहे बघ, केस मोडला की गळू होतं हे जुन्या बायकांनी ओळखलेलंच होतं. फरक इतकाच की साध्या इनग्रोनमध्ये सुरुवातीला जंतू नसतात, नुसती सूज असते. पिनने उकरलं, नखाने फोडलं की कातडीवर नेहमी असणारे जंतू आत जातात आणि मग खरं गळू होतं. तुझं मागच्या महिन्यातलं गळू बहुतेक असंच झालं असणार.

आता काय करायचं. सगळ्यात पहिली गोष्ट, रेझर बाजूला ठेव, कमीत कमी चार आठवडे. फोड खूप असतील तर दोन-तीन महिनेसुद्धा. मला माहीत आहे की हेच ऐकायला नको असतं पण याच्याइतका गुण दुसऱ्या कशानेच येत नाही. पहिला आठवडा-दीड आठवडा खाज उलट वाढल्यासारखी वाटेल, तेवढी सोस, कारण केस साधारण एक सेंटीमीटर वाढला की त्याची ती आत रुतलेली कमान ताण बसून आपोआप सुटते आणि टोक बाहेर येतं. मध्ये फारच अवघड वाटलं तर कात्रीने लांबी कमी कर, पण मुळापर्यंत जाऊ नकोस.

दुसरं, शेक. जुना मऊ पंचा किंवा सुती ओढणीचा धुतलेला तुकडा घे, कोमट पाण्यात बुडव, पिळ, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघ, तिथे सोसला तर फोडावर ठेव. १० ते १५ मिनिटं, दिवसातून तीन वेळा, थंड झाला की पुन्हा बुडवायचा. ऑफिसमुळे तीनदा जमणार नाही, सकाळी आणि रात्री तरी कर. पूर्वी गळवावर कणकेचं किंवा अळशीचं पोटीस बांधायचे त्यात खरं काम ओल्या उबेचं होतं, ते काम पंचाही करतो आणि चिकटत नाही. फक्त कढत पाणी नको, जांघेतली कातडी पातळ असते, भाजलं तर फोडापेक्षा जखम मोठी होईल. आणि तो पंचा तुझा एकटीचाच असू दे, रोज गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळव.

शेकल्यावर केसाची कमान कातडीच्या वर आलेली स्पष्ट दिसत असेल, आणि दिसत असेल तरच, स्पिरिटने पुसलेली बारीक सुई त्या कमानीखालून अलगद सरकवून टोक वर उचलायचं आणि तिथेच थांबायचं. उपटायचा नाही. उपटलास की त्या क्षणी बरं वाटतं पण त्याच भोकातून नवा केस येतो आणि तो पुन्हा आतल्या आत टोचतो, महिन्याभराने तू परत तिथेच. केस खोल असेल, नुसती काळी सावली दिसत असेल तर सुई हातात घ्यायचीच नाही. सेफ्टी पिन तर कधीच नाही.

लावायला काय? दोन टक्के सॅलिसिलिक ॲसिडचं साधं, बिनवासाचं जेल किंवा लोशन मिळतं, ते एक दिवसाआड रात्री पातळसं लाव, वरची मेलेली कातडी सुटते आणि केसाला वाट मिळते. पण नीट वाच, फक्त बाहेरच्या केसाळ कातडीवर आणि जांघेच्या कडेला, आतल्या नाजूक ओल्या भागाला अजिबात नाही, जखम उघडी असेल तिथे नाही, आणि झोंबणं दोन-चार मिनिटांत थांबलं नाही तर धुऊन टाकायचं आणि बंद. बारीक पांढऱ्या पुळ्या खूप येत असतील तर अडीच टक्क्यांचा बेंझॉईल पेरॉक्साइड वॉश आंघोळीत बाहेरच्या बाहेर एक-दोन मिनिटं लावून धुता येतो, मात्र रंगीत टॉवेल आणि चड्डीचा रंग उडतो त्याने, पांढरा टॉवेल वापर. दोन्ही एकाच वेळी सुरू करू नकोस, कातडी सोलून निघेल.

हळदीचं म्हणशील तर चिमूटभर हळदीने नुकसान होणार नाही पण फुटलेल्या फोडावर स्वयंपाकघरातली हळद भरू नये. लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट, चुना आणि पाणी न घालता थेट ओतलेलं डेटॉल, ही सगळी त्या जागेवर जाळणारी आहेत, तुला आग झाली ती त्यामुळेच. कोरफडीचं पान तोडून थेट चोळू नका, त्यातला पिवळा चीक खाजवतो. खोबरेल फोड बसल्यावर हलकं लावलं तर चालतं, फोड लाल असताना घामाच्या दिवसांत थर देऊ नये, भोकं बुजतात.

एक गोष्ट मात्र जरा जोरात सांगते. औषधाच्या दुकानात जाऊन, खाज येते म्हटलं की काउंटरवरून जी तीन-चार औषधं एकत्र केलेली ट्यूब मिळते ती लावू नकोस. तिच्यात बहुतेक वेळा तीव्र स्टेरॉइड असतं. दोन दिवस छान वाटतं आणि मग जांघेतली कातडी पातळ होते, पोटावर बाळंतपणानंतर येतात तसे पट्टे कायमचे उमटतात, आणि ते मुळात गजकर्ण असेल तर आतल्या आत पसरत जाऊन नंतर महिनोन्‌महिने हटत नाही. अशा मुली इतक्या बघितल्यात की ती ट्यूब पर्समधून बाहेर निघाली की मला वाईट वाटतं.

काळा डाग. तो मळ नाही. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीला कुठेही सूज आली की ती जाताना रंग मागे ठेवून जाते, आणि तो फिका व्हायला सहा महिने, कधी वर्षही लागतं. घासणीने, लूफाने, वजरीने घासलंस तर जास्त काळा होईल. आणि जांघ, काख या जागा सगळ्यांच्याच बाकी अंगापेक्षा सावळ्या असतात, तो डाग नसतो, तो रंग असतो. गोरं करणारी क्रीमं तिथे लावायची नाहीत.

गुप्तरोगाची भीती तू लिहिलीस म्हणून फरक सांगते. हर्पिसचे फोड पाणी भरलेले, बारीक, घोळक्याने येतात, आधी चुरचुरतं, मग फुटून कच्ची जखम होते आणि त्या जखमेला लघवीचा स्पर्श झाला तरी जळतं. मोत्यासारखा गुळगुळीत दाणा आणि मधोमध खळगा असेल तर तो मोलस्कम नावाचा विषाणूचा प्रकार, तो दुसऱ्याच्या टॉवेलमधूनही येऊ शकतो आणि त्यावरून रेझर फिरवला की पसरतो. योनीच्या तोंडाशी एकाच बाजूला मोठी गाठ आली तर ती बहुतेक वेळा तिथल्या ग्रंथीची असते, केसाची नाही. आणि जांघेत आणि काखेतही पुन्हा पुन्हा दुखऱ्या गाठी येतात, सहा महिन्यांत दोनदा-तीनदा, त्याच जागी, वाहतात आणि वण राहतो, असं कुणाचं असेल तर त्याला हिड्राडेनायटिस म्हणतात. हा वेगळा आजार आहे, औषधं आहेत त्याला, पण मुली वर्षानुवर्षं केसतोड समजून अंगावर काढतात. कृपा करून काढू नका.

आणि डॉक्टरकडे कधी? फोड सुपारीएवढा झाला, लाली आजूबाजूला पसरत चालली, ताप आला, चालताना-बसताना ठणकतंय, चार-पाच दिवस शेकूनही कमी नाही, किंवा तुला डायबेटिस आहे, तर लगेच. लाजेचं म्हणतेस तर ऐक, सरकारी हॉस्पिटलात त्वचा व गुप्तरोग विभाग असा बोर्ड असतो आणि तो वाचून मुली दारातून परत जातात हे मला माहीत आहे. पण तो एकच विभाग यासाठी असतो की आम्हा त्वचेच्या डॉक्टरांचं शिक्षणच तिन्हींचं एकत्र असतं, त्वचा, गुप्तरोग आणि कुष्ठरोग. त्या रांगेत नायटावाले असतात, केसगळतीवाले असतात, पिंपल्सवाले असतात. बाई डॉक्टर हव्यात असं केसपेपर काढतानाच सांगता येतं, तपासताना नर्स सोबत असावी असंही म्हणता येतं, आईला बरोबर नेता येतं. तुझ्या आईला तू हे सांगू शकलीस, म्हणजे अर्धं अवघड काम झालेलंच आहे.

प्रश्न : डॉक्टर, मी नाशिकची, वय २८. फेब्रुवारीत लग्न आहे. मी पार्लरमध्ये बिकिनी वॅक्स करते पण प्रत्येक वेळी दहा-बारा दिवसांनी बारीक पुळ्या येतात. मधल्या काळात केस बोचतात म्हणून कधी कधी रेझर फिरवते. पार्लरवाली ताई म्हणते सवय झाली की येणार नाहीत. लेझर करावं का? आणि लग्नाच्या आधी नेमकं काय करू की फोड दिसणार नाहीत?

उत्तर : तो मधला रेझरच घात करतोय. वॅक्सला केस साधारण सहा मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा तरी लागतो, त्याहून आखूड असला की मुळासकट निघत नाही, कातडीच्या आत तुटतो आणि तुटका केस आत वळतो. रेझर फिरवला की सगळे केस वेगवेगळ्या लांबीचे होतात, मग वॅक्सच्या दिवशी निम्मे निघतात, निम्मे तुटतात. मधे बोचलं तर ट्रिमर, रेझर नाही.

पार्लरमध्ये बघायच्या गोष्टी दोन. वॅक्सची काडी प्रत्येक वेळी नवी हवी, अंगाला लागलेली काडी पुन्हा डब्यात बुडवत असतील तर तिथून उठ, त्या डब्यात सगळ्यांचं सगळं असतं. आणि एकाच जागी दोनदा-तीनदा पट्टी ओढू द्यायची नाही, राहिलेले पाच-सहा केस राहू देत. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, किंवा गेल्या सहा महिन्यांत होत्या, तर वॅक्स नकोच, कातडी सालासारखी निघते. वॅक्सनंतर दोन दिवस घट्ट जीन्स, लेगिंग्ज, जिम, पोहणं, खूप गरम पाणी बंद.

मला स्वतःला विचारशील तर मी ट्रिमर सांगते, सगळ्यांनाच सांगते. गार्ड लावून कोरड्या केसांवर चालवायचा, दोन-तीन मिलिमीटर राहू द्यायचे. केस कातडीच्या वरच राहतो त्यामुळे आत घुसायला त्याला संधीच मिळत नाही. गुळगुळीत होत नाही हे खरं, पण फोडही येत नाहीत, आणि लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात जांघेत ठणकत बसण्यापेक्षा ते कितीतरी बरं. ट्रिमर स्वतःचा हवा, घरातल्या कुणाच्या दाढीचा नको.

तरीही रेझरच हवा असं ज्या म्हणतील त्यांच्यासाठी एकदा नीट लिहिते. आंघोळीच्या शेवटी करायचं, आधी नाही, पाच मिनिटं कोमट पाण्यात केस भिजले की मऊ होतात. लांब केस आधी कात्रीने कमी करायचे. साबणाच्या फेसाऐवजी बिनवासाचं शेव्हिंग जेल. कातडी ताणायची नाही. हाताने चाचपून बघायचं केस कुठल्या बाजूला झोपलेत, त्याच बाजूने रेझर न्यायचा, एका जागी एकदाच, प्रत्येक वेळी पातं धुवायचं. एक किंवा दोन पात्यांचा साधा रेझर पुरे. पाच-सात वेळा वापरला की फेकायचा, आणि तो बाथरूमच्या ओल्या कोनाड्यात ठेवायचा नाही, बाहेर कोरडा ठेवायचा. झाल्यावर गार पाण्याचा कपडा दोन मिनिटं, मग साधं मॉइश्चरायझर, सैल सुती चड्डी. पावडर आणि सेंट नको. दर आठवड्याऐवजी जितका उशीर करता येईल तितका करायचा.

हेअर रिमूव्हल क्रीमने केसाचं टोक बोथट राहतं त्यामुळे फोड कमी येतात हे बरोबर आहे, पण ते रसायन कडक असतं. आधी मांडीवर थोडं लावून, धुऊन एक दिवस वाट बघायची, पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा मिनिटभरही जास्त ठेवायचं नाही आणि फक्त बाहेरच्या कडेला. आतल्या बाजूला लागून भाजलेल्या मुली दर उन्हाळ्यात बघते मी.

लेझर चांगलं आहे, वारंवार इनग्रोन होणाऱ्यांसाठी तर फारच, कारण केसच बारीक आणि विरळ होतो. पण फेब्रुवारीसाठी आत्ता धावू नकोस. साधारण सहा ते आठ सिटिंग लागतात, दोन सिटिंगमध्ये चार ते सहा आठवडे, म्हणजे आठ-नऊ महिने धर. आपल्या रंगासाठी डायोड किंवा एन्डी-याग हे लेझर वापरतात, १०६४ नॅनोमीटरचं एन्डी-याग सावळ्या कातडीला जास्त सुरक्षित. मशीन कुठलं, चालवणार कोण, डॉक्टर तिथे असतात का, हे तिन्ही प्रश्न विचारायचे, डिस्काउंटच्या पॅकेजमध्ये सेटिंग चुकलं की भाजल्याचे काळे चट्टे पडतात. लेझरच्या आधी चार आठवडे वॅक्स आणि उपटणं बंद, मुळी जागेवर असावी लागते, रेझर मात्र चालतो. शंभर टक्के कायमचे केस जातील असं कुणी म्हणालं तर तो खोटं बोलतोय, कमी होतात. पाळी अनियमित आहे, हनुवटीवर आणि पोटावरही जाड केस येतायत असं असेल तर आधी पीसीओएसची, म्हणजे अंडाशय आणि हार्मोन्सच्या बिघाडाची, तपासणी करून घे, नाहीतर लेझरचे पैसे जातात आणि केस येत राहतात.

लग्नासाठी : शेवटचं वॅक्स ज्या पार्लरवर तुझा भरवसा आहे तिथेच, लग्नाच्या चार-पाच दिवस आधी. नवीन प्रकार, नवीन पार्लर त्या महिन्यात नको. फोड आता चालू असतील तर या वेळी वॅक्स सोडून दे आणि ट्रिम करून मोकळी हो.

प्रश्न : माझी मुलगी १५ वर्षांची आहे, साताऱ्याला असतो. तिने माझ्याकडे रेझर मागितला, म्हणते मैत्रिणी म्हणतात केस ठेवणं घाण असतं. मी काय सांगू? आमच्या वेळी असं काही नव्हतं.

उत्तर : तुम्ही भाग्यवान आहात, तिने तुम्हाला विचारलं, गुपचूप बाबांचा रेझर घेतला नाही. तिला सांगा की ते केस घाण नाहीत, घर्षणापासून नाजूक कातडी वाचवायला ते आहेत, आणि रोज साध्या पाण्याने धुतलं की ती जागा स्वच्छ असते. काढणं न काढणं हा आवडीचा प्रश्न आहे, आरोग्याचा नाही. पाळीच्या दिवसांत चिकट वाटतं अशी तिची तक्रार असेल तर बोथट टोकाची कात्री किंवा ट्रिमर द्या आणि कसा वापरायचा ते स्वतः दाखवा. ओरडू नका एवढीच विनंती, ओरडलात तर पुढचा प्रश्न ती तुम्हाला विचारणार नाही.

प्रश्न : मला आठवा महिना चालू आहे. माहेरी सोलापूरला आलेय. इथल्या हॉस्पिटलने दिलेल्या यादीत लिहिलंय की येताना खालचे केस शेव्ह करून या. पोटामुळे मला खालचं काहीच दिसत नाही, मागच्या वेळी वहिनीने करून दिलं तर कापलं आणि नंतर फोड आले, टाक्यांच्या शेजारीच, फार हाल झाले. करायलाच हवं का?

उत्तर : बाळा, तुझे हाल वाचून जीव तुटला. नाही, करायला हवंच असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली बाळंतपणाबद्दल ज्या सूचना दिल्या त्यात स्पष्ट आहे की नॉर्मल डिलिव्हरीच्या आधी सरसकट शेव्ह करू नये. आणि ऑपरेशनबद्दल २०१६ च्या सूचनांमध्ये आहे की केस शक्यतो काढू नयेत, अगदी गरज असेल तर मशीनने कापावेत, रेझर वापरू नये. कारण तेच, रेझरने डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात आणि जंतूंना दार उघडं मिळतं. जुन्या याद्यांमध्ये ही ओळ तशीच राहून गेलीय अनेक ठिकाणी.

पुढच्या तपासणीला जाशील तेव्हा डॉक्टरांनाच विचार की मागच्या वेळी मला फोड आले होते, या वेळी नुसतं ट्रिम केलं तर चालेल का. भांडायची गरज नाही, बहुतेक डॉक्टर हो म्हणतील. सिझर लागलंच तर टाक्याच्या जागेपुरते केस ते तिथेच मशीनने काढतील. घरी कुणाकडून रेझर फिरवून घेऊ नकोस. आणि आत्ता एखादा फोड असेल तर फक्त कोमट शेक, वर लिहिलेली जेलं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, अडॅपलीन आणि ट्रेटिनॉइन असलेली पिंपल्सची क्रीमं तर गरोदरपणात अजिबात नाहीत.

प्रश्न : आम्ही रत्नागिरीला असतो. मी केस काढतच नाही तरी पावसाळ्यात जांघेत आणि मांडीच्या वरच्या बाजूला पुळ्या येतात. वजन जरा जास्त आहे. इनग्रोनच का?

उत्तर : नाही, हे बहुतेक घाम, ओल आणि मांड्यांचं घासणं. कोकणात जून ते सप्टेंबर कपडे नीट वाळतच नाहीत, आपण दमट चड्डी अंगावर चढवतो आणि त्यात पॅड असेल तर काठाने आणखी घासतं. अशा ओलीत केसांच्या भोकांत जंतू वाढतात. चड्डी पूर्ण वाळेपर्यंत इस्त्री फिरवा, शिवणीवरून जास्त, कारण ओल शिवणीत राहते. पावसाळ्यापुरत्या दोन-चार जास्तीच्या घेऊन ठेवा. आंघोळीनंतर टॉवेलने टिपा, चोळू नका, दोन मिनिटं पंख्याखाली तशाच उभ्या राहा आणि मग कपडे घाला. साडी किंवा ड्रेसखाली मांडीपर्यंतची सुती शॉर्ट घाला म्हणजे मांडीला मांडी घासणार नाही. गोल चकत्या दिसल्या, कडेने लाल आणि मधून मोकळ्या, तर ते गजकर्ण आहे, त्याला बुरशीचं औषध डॉक्टरांकडूनच घ्या आणि घरात अजून कुणाला आहे का तेही बघा. आणि एकदा उपाशीपोटी रक्तातली साखर तपासून घ्या, पुळ्या आणि गळवं पुन्हा पुन्हा येत असली की मी ती प्रत्येकीला करायला सांगतेच.